सातारा ते सॅन होजे, व्हाया उत्तर ध्रुव

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं तिकिटांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, बालाजीचा फोटो आणि समोर भिंतभर जगाचा नकाशा. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिकेत चौदा ग्रीनलंडं मावतील. १५६९ साली मर्केटर नावाच्या गृहस्थानं जहाजांच्या सोयीसाठी हा नकाशा काढला आणि ध्रुवांकडचे प्रदेश त्यात इडलीच्या पिठासारखे फुगले. हे मी या पोराला आठवीत घसा फोडून सांगितलं होतं. त्यानं नेमका तोच नकाशा विकत आणला आणि मला त्याच्यासमोर बसवलं.

"सर, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर," त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "सोळा तास तेवीस मिनिटं."

"तेवीस?"

"तेवीस."

मी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. एवढ्या वर्षांत महाबळेश्वरची एसटी किती वाजता सुटेल हेसुद्धा मला कुणी मिनिटांत सांगितलेलं नाही. इथं अर्धी पृथ्वी ओलांडायची आणि वर तेवीस मिनिटं. मी भारावून म्हटलं, "मग हेच तिकीट काढ."

"याचं तिकीट नसतं सर. हे नुसतं अंतर आहे. विमान वेगळं बघायला लागतं."

मग कळलं की कॉम्प्युटरला कुठलंही विमान माहीत नाही. तो दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतो, गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढतो, त्याला ताशी साडेआठशे किलोमीटरनं भागतो, चढायला-उतरायला म्हणून अर्धा तास मिळवतो आणि उत्तर लिहून मोकळा होतो. मला त्याची चीड येईना. मीही आयुष्यभर हेच केलं होतं. माझ्या फळ्यावरून पुण्याहून सुटलेली गाडी ताशी साठ किलोमीटरनं मिरजेला पोचायची, आणि वाठारला क्रॉसिंगसाठी ती एकदाही थांबली नाही.

खऱ्या विमानाला हे परवडत नाही. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी सगळ्यात जवळची रेघ लडाखवरून, काराकोरमच्या डोक्यावरून उत्तरेला चढते. कॉम्प्युटर तिथून खुशाल जातो. विमानातली हवा काही कारणानं गळाली, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून पायलटला लगोलग दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथं खाली पंचवीस-पंचवीस हजार फुटांची शिखरं उभी. म्हणून विमानं शक्यतो हा भाग टाळून जातात. त्यात शेजाऱ्यांची आकाशं उघडी हवीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि पश्चिमेकडच्या विमानांना वळसे पडले. आकाशाला दार असतं, हे मला निवृत्तीनंतर समजलं.

शेवटी तिकीट निघालं ते दुबईमार्गे. मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर, दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,०४०. मुलगी सॅन होजेला असते. तिथून पुढं तासाभराचा रस्ता, जावई गाडी घेऊन येणार. तिकिटावर छापलं होतं: मुंबई प्रस्थान पहाटे ४:३०, सॅन फ्रान्सिस्को आगमन दुपारी १:५०. तारीख तीच.

घरी आल्यावर हिनं चष्मा लावून तिकीट वाचलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "नऊ तास वीस मिनिटं. पोरगी उगाच लांब लांब म्हणून रडते. मागच्या वर्षी शेगावला जाताना आपल्याला यापेक्षा जास्त लागले."

मी तिला साडेबारा तासांचा फरक समजावला. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागं असतं, म्हणजे तिथले दुपारचे दोन वाजायला दहा कमी म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे दोन वीस, म्हणजे एकूण एकवीस तास पन्नास मिनिटं.

"मग तसं लिहायचं ना तिकिटावर."

"तिथं तिथली वेळ लिहायची पद्धत असते."

"आपण इथले आहोत," ती म्हणाली. हे वाक्य मी त्या वेळी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं ते आम्हाला उत्तर ध्रुवावर उपयोगी पडणार होतं.

शाळेनं मला निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि पृथ्वीचा गोल दिला होता. शाल मी वापरतो, श्रीफळाची बर्फी झाली, गोल कपाटावर धूळ खात होता. तो खाली काढला. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक दुबईवर हिनं अंगठ्यानं दाबून धरलं, दुसरं मी सॅन फ्रान्सिस्कोवर. माझी आपली समजूत, दोरा युरोपवरून जाईल, अटलांटिक ओलांडेल, न्यूयॉर्क लागेल, मग अमेरिका आडवी. दोरा ताणला. तो इराणवर सरकला, रशियात चढला आणि आणखी ताणल्यावर टचकन वर जाऊन अडकला. कशाला अडकला म्हणून बघतो तर गोलाच्या डोक्यावर, जिथं उत्तर ध्रुव असायला हवा, तिथं पितळी स्क्रू होता.

ही म्हणाली, "आपण स्क्रूवरून जाणार?"

मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या विषयावर खूश झालो. दुबई आहे साधारण ५५ अंश पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेवर. बेरीज १७७. म्हणजे दोन्ही गावं जवळजवळ एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी, आणि पाठीमागच्या घरी जायला सगळ्यात जवळची वाट कौलांवरून. मग पाकिटाच्या पाठीवर गणितच मांडलं. दुबई २५ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापर्यंत ६५ अंश. सॅन फ्रान्सिस्को ३८ च्या आसपास, म्हणजे ध्रुवापासून खाली ५२. एकूण ११७. एका अंशाला साठ नॉटिकल मैल, हा मैल खलाशांनी पृथ्वीवरूनच कापून घेतलेला, म्हणजे ७,०२०. गुणिले १.८५२. उत्तर आलं १३,००१ किलोमीटर. कॉम्प्युटर १३,०४० म्हणतो. एकोणचाळीस किलोमीटरची चूक. साताऱ्याहून वाईला जाऊन थोडं पुढं गेलो एवढीच. त्यातलीही काही चूक माझी नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे, त्यामुळं तिथला अंश आपल्याकडच्या अंशापेक्षा किंचित लांब भरतो. मी पाकिटाचा फोटो काढून विद्यार्थ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं: "भारी सर. पण व्हिसाची कागदं त्याच पाकिटात होती ना?"

दुसऱ्या दिवशी कागदं द्यायला गेलो तेव्हा त्यानं चहा मागवला आणि एकदम विचारलं, "सर, त्या हेलिकॉप्टरचं काय झालं?"

मला आठवेना. त्याला चांगलं आठवत होतं. आठवीत त्यानं विचारलं होतं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, मग हेलिकॉप्टर साताऱ्यात सरळ वर नेऊन बारा तास नुसतं उभं केलं तर खालून अमेरिका येईल का? आणि मी त्याला बाकावर उभं केलं होतं. बहुधा तास संपत आला असावा, आणि बहुधा मला उत्तर चटकन सुचलं नसावं.

उत्तर असं आहे. पृथ्वी एकटी फिरत नाही, आपली हवा बरोबर घेऊन फिरते. साताऱ्यात पारावर बसलेला माणूससुद्धा ताशी १,५९० किलोमीटरनं पूर्वेला चाललेला असतो. पार, पिंपळ, त्याच्या हातातला पेपर आणि वरचं हेलिकॉप्टर, सगळे त्याच वेगानं. त्यामुळं बारा तासांनी खाली बघावं तर अजिंक्यताराच. हे मी त्याला पस्तीस वर्षांनी उशिरा सांगितलं. तो म्हणाला, "मग मी उभा राहिलो ते बरोबर होतं?" मी चहा घेतला.

पण पोरगं अगदीच चुकीचं नव्हतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जाणारे वाऱ्याचे झोत असतात, जेट प्रवाह म्हणतात त्यांना. ते कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर वाहतात. पाठीशी मिळाले तर विमान फुकटात पुढं जातं, समोरून आले तर सायकलवाल्यासारखं दात-ओठ खाऊन जातं. याचा सगळ्यात सुरेख किस्सा आपल्या एअर इंडियाचा आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट्या अंगानं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. वारा पाठीवर होता. परत येताना पुन्हा अटलांटिकवरून, पुन्हा वारा पाठीवर. विमान दिल्लीला परत यायचं ते पृथ्वीप्रदक्षिणा करून.

हे मी घरी रंगवून सांगितलं. लांबच्या वाटेनं माणूस लवकर पोचतो, केवढी गंमत आहे बघ. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "राजवाड्यातून नका जाऊ, समर्थ मंदिराकडून जा, हे मी तुम्हाला किती वर्षं सांगतेय?"

वेळेची आणखी एक भानगड विद्यार्थ्यानं सांगितली. तिकिटावरचा वेळ आकाशातला नसतोच. त्याला त्यांच्यात ब्लॉक टाइम म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावलेले असतात. इकडं ते निघाल्यापासून तिकडं पुन्हा लागेपर्यंतचा तो वेळ. त्यात विमानाचं पाठीमागं ढकलणं आलं, धावपट्टीकडं रांगेत सरकणं आलं, उतरताना घिरट्या घालणं आलं आणि कंपनीनं खिशात ठेवलेली थोडी चिल्लर मिनिटंही आली. ती उरली की विमान "वेळेआधी" पोचतं आणि लोक खूश होतात. एवढं करूनही पंधरा मिनिटांच्या आतला उशीर त्यांच्या हिशेबात उशीर धरत नाहीत. आमच्या शाळेत ही सवलत शिक्षकांनाही नव्हती.

इथवर सगळं भूगोलात चाललं होतं. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, इकडं या जरा." आवाज हळू होता, म्हणजे गंभीर. ही कालनिर्णयसमोर उभी होती आणि तिचं बोट आमच्या जाण्याच्या तारखेवर होतं. चौकोनात छोटा गणपती.

"संकष्टी आहे."

ती सत्तावीस वर्षं संकष्टी करते. मोठीच्या बाळंतपणात मोडली नाही, माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला मोडली नाही. उलट त्या दिवशी मीही उपाशी होतो याचं तिला समाधान वाटलं होतं. तारीख बदलायची तर तिकिटामागं बारा हजार जाणार होते.

"मग कर की विमानात," मी म्हणालो. "डब्यात खिचडी घे, राजगिऱ्याचे लाडू घे."

"आणि सोडायची कधी?"

"चंद्र दिसला की."

"कुठला?"

इथं माझी भूगोलाची पदवी उघडी पडली. साताऱ्याचा चंद्रोदय रात्री दहा वाजून चार मिनिटांनी. त्या वेळी आम्ही असणार दुबईहून निघून पावणेबारा तास झालेले, म्हणजे पुन्हा पाकीट, पुन्हा अंश, ध्रुव ओलांडून कॅनडाच्या वरच्या टोकाला. तिथं चंद्र किती वाजता उगवतो हे बघायला गेलो तर उत्तर बघून मीच गप्प झालो. उन्हाळ्यात तिकडं सूर्य मावळत नाही हे चौथीतल्या पोरालाही माहीत असतं. पण पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. सूर्य चोवीस तास वर, म्हणून चंद्र चोवीस तास खाली. त्या दिवसांत ध्रुवाकडं चतुर्थीचा चंद्र उगवतच नाही. आम्ही त्याच्याखालून जाणार नव्हतो, तोच आमच्या खालून जाणार होता.

मी हे तिला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं.

"मग तिथले लोक काय करतात?"

"तिथं लोक नाहीत. अस्वलं आहेत."

"सॅन होजेला उगवतो का?"

"उगवतो. रात्री पावणेबाराला." मग आपल्या घड्याळानं ते किती होतात हे मी सांगितलं नाही. तिनं बोटांवर मोजलं. दुसऱ्या दिवशीचे दुपारचे सव्वाबारा. एका उपासाला चौदा तासांची पुरवणी.

त्या विषयावर आमच्याकडं तीन दिवस चर्चासत्र चाललं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की प्रवासात दोष नाही. मुलीनं फोनवर सांगितलं की आई, पाणी पीत राहा. हिच्या माहेरच्या गुरुजींनी "देशकालानुसार" एवढंच सांगून फोन ठेवला, आणि देश कुठला, काल कुठला हाच तर प्रश्न होता. शेवटी निकाल हिनंच दिला. "गणपती आपला साताऱ्याचा. घड्याळ साताऱ्याचं. दहा चारला सोडणार." मला हे पटलं. मुंबईनं १९५५ पर्यंत बॉम्बे टाइम नावाचं स्वतःचं वेगळं घड्याळ ठेवलं होतं, देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. मुंबईला पन्नास वर्षं हट्ट करता येतो, तर साताऱ्याला एक रात्र का नको?

विमान पहाटे साडेचारचं. तीन तास आधी, म्हणजे दीडला विमानतळावर. सातारा ते मुंबई विमानतळ २६० किलोमीटर, पाच-सहा तास. मी म्हटलं, संध्याकाळी सातला निघू. इथून आमच्या नातेवाइकांनी ब्लॉक टाइम ठरवायला घेतला. मेव्हण्यानं नवले पुलाचा एक तास मिळवला. धाकट्या भावानं बोरघाटात कंटेनर उलटल्याचे दोन तास मिळवले. शेजारच्या काकांनी पंक्चरचा एक, पावसाचा एक आणि "कसंही असलं तरी" म्हणून दोन मिळवले. आम्ही दुपारी बाराला निघालो.

निघताना गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "सहाला टच करतो." आनेवाडी टोलनाका सरळ गेला. खंबाटकीला बोगदा आहे, साताऱ्याकडून पुण्याकडं जाताना तो लागतो, येणाऱ्यांना घाट चढावा लागतो. जाणाऱ्यांवर देशाची कृपा आहे असं मी म्हणत होतो तेवढ्यात बोगद्याच्या पुढच्या वळणावर गाडी फटफट वाजायला लागली. टायर. काकांनी मिळवलेला तास वसूल झाला. डिकीत चार मोठ्या बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, घरच्या स्प्रिंगच्या काट्यावर दहादा टांगून तोललेल्या. स्टेपनी त्यांच्याखाली. चारही बॅगा हायवेच्या कडेला उतरवल्या. मेतकुटाची पिशवी कुठल्या बॅगेत आहे हे वासावरून ओळखू येत होतं. ही एका बॅगेवर बसली आणि समोरून जाणाऱ्या ट्रकांकडं बघत म्हणाली, "तुमचं ते विमान एवढ्या वेळात कुठवर गेलं असतं?"

मी हिशेब केला. आमचे २६० किलोमीटर विमान सतरा-अठरा मिनिटांत उडवतं. आम्ही तोवर शिरवळपर्यंतही पोचलो नव्हतो. मी सांगितलं, "मुंबईच्या समुद्रात, बरंच आत." ती म्हणाली, "मग बरं झालं, आपण रस्त्यावर आहोत."

नवले पूल, चांदणी चौक, उर्से, घाटात चढणाऱ्या ट्रकांची मुंगीची रांग, वाशीचा पूल, आणि मग सगळ्यात लांबचा टप्पा, चेंबूर ते विमानतळ. विमानतळाच्या दारात उतरलो तेव्हा सात वाजले होते. सात तास. ताशी सदतीस किलोमीटर. ड्रायव्हर म्हणाला, "लवकर आलो."

पुढचे साडेनऊ तास आम्ही बसलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की रात्री बाराला संकष्टी लागणार म्हणून हिनं पावणेबाराला मला आठवण करून माझ्याकडून एक वडापाव मागवून खाल्ला. तिथली किंमत तिला अजून सांगितलेली नाही.

दुबईत उजाडलं होतं. आठ पन्नासला मोठं विमान सुटलं आणि सूर्य उजव्या अंगाला आला. समोरच्या पडद्यावर छोटं विमान आणि रेघ. मी आयुष्यात एवढा रमून सिनेमा पाहिला नाही. रेघ वर चालली होती. इराण, कॅस्पियनच्या कडेनं, मग रशिया. उंची दहा हजार मीटरच्या वर, बाहेरचं तापमान उणे ५८. विमानाचं इंधन उणे सत्तेचाळीसच्या आसपास गोठायला लागतं, म्हणून ध्रुवाकडच्या फेऱ्यांत पायलट टाकीतल्या इंधनाचं तापमान आईनं तापातल्या पोराचं बघावं तसं बघत असतात. विमान वेगात असलं की हवेच्या घासण्यानं पत्रा थोडा गरम राहतो, त्यावर भागतं. हिला हे सांगितलं. तिला एकदम बॅगेतल्या खोबरेल तेलाची काळजी लागली. ते तर साताऱ्यातच डिसेंबरात गोठतं.

दोन तासांनी हवाईसुंदरीनं सगळ्या खिडक्या खाली ओढायला लावल्या. बाहेर लख्ख ऊन, आत खोटी रात्र. लोक घोरायला लागले. जेवण आलं. आमचं आधीच सांगून ठेवलेलं शाकाहारी. हिनं हात जोडून नको म्हटलं. त्या मुलीला वाटलं चव आवडली नाही, ती दुसरं घेऊन आली. हिनं तेही नको म्हटलं. मी दोन्ही जेवलो. हिनं माझ्याकडं बघितलं नाही.

ध्रुव कधी गेला ते मला कळलंच नाही. मी झोपलो होतो. एकतीस वर्षं ज्या बिंदूवर बोट ठेवून "इथं सगळे रेखांश एकत्र येतात" म्हणून सांगितलं, त्याच्या अवतीभोवतीनं विमान गेलं आणि मी तोंड उघडं टाकून घोरत होतो. हिला विचारलं, काही जाणवलं का? ती म्हणाली, "एकदा जरा हललं."

तिच्या मनगटावर साताऱ्याचं घड्याळ होतं. नऊ पन्नासला तिनं पिशवीतून डबा काढला, सुपारीचा गणपती काढला, तो समोरच्या घडीच्या टेबलावर पेपर नॅपकिन पसरून ठेवला. दिवा लावता येणार नव्हता. तिनं डोक्यावरचा वाचायचा दिवा लावला. दहा वाजून दोन मिनिटांनी म्हणाली, "खिडकी उघडा."

मी चार बोटं उघडली. सुरीसारखं ऊन आत आलं आणि तीन रांगांतले लोक कण्हले. खाली पांढरं, मध्ये मध्ये काळ्या पाण्याचे तुकडे.

"खाली काय आहे?"

"कॅनडा."

"आणि चंद्र?"

मी एक क्षण विचार केला आणि बोटानं तिच्या पायांकडं, जमिनीच्या दिशेनं दाखवलं. भूगोलाच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग खाली वाकून, विमानाच्या गालिच्याला, चतुर्थीच्या चंद्राला करतात तसा नमस्कार केला. बरोबर दहा वाजून चार मिनिटांनी तिनं खिचडीचा पहिला घास घेतला. पलीकडच्या सीटवरच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं तिला काहीतरी हरवलंय असं समजून आपला मोबाइलचा टॉर्च पुढं केला.

विमान एक बत्तीसला टेकलं, वेळेआधी. रांगा, शिक्के, बॅगा, मग जावई. सॅन होजेच्या घरात पाय ठेवला तेव्हा तिथले पाच वाजले होते. साताऱ्याचं कुलूप लावल्यापासून साडेएकेचाळीस तास. जावई इंजिनिअर आहे, त्यानं विचारलं, "बाबा, एकूण किती तास झाले?" मी पाकीट काढायच्या आत ही म्हणाली, "एक संकष्टी."

रात्री झोप येणं शक्यच नव्हतं. पोट साताऱ्याच्या दुपारच्या जेवणाला उठलेलं. पावणेबाराच्या सुमारास ही गॅलरीत उभी होती. समोरच्या घराच्या छपरामागून तांबूस, एका बाजूनं झिजलेला चंद्र हळूहळू वर येत होता.

"हा आपलाच का हो?"

"तोच. एकच आहे."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग आत गेली, मुलीला उठवलं, आणि सुपारीचा गणपती पुन्हा मांडला. जोखीम नको म्हणून तिनं संकष्टी दुसऱ्यांदा सोडली. या खेपेला मोदक होते, त्यामुळं मीही सोडली.

तुमच्यापैकी कुणी उन्हाळ्यात दुबईवरून तिकडं निघणार असेल, तर किलोमीटर, तास वगैरे नंतर बघा. तारीख नक्की करायच्या आधी कालनिर्णय उघडा आणि चौकोनात गणपती नाही ना तेवढं पाहून घ्या.